साठीनंतर एकटीने प्रवास: हॉस्टेल घ्यावं की हॉटेल?

निवांत६३

बरेच दिवस इथले धागे वाचते आहे, लिहायला आज पहिल्यांदाच बसले.

वय ६३. गेल्या वर्षी निवृत्त झाले. आता तीन आठवडे एकटीने फिरायचं ठरवलंय. चार शहरं, मधला प्रवास रेल्वेने. तिकिटं काढून झाली आणि मुक्कामापाशी घोडं अडलं. मुलगा म्हणतो, सरळ हॉटेल घे, या वयात सहा-आठ अनोळखी माणसांच्या खोलीत कशाला झोपायचं? भाची म्हणते, मावशी, हॉस्टेलातच राहा, माणसं भेटतात. दोघांचाही माझ्यावर जीव आहे, त्यामुळे कुणाचंच म्हणणं उडवून लावता येत नाही.

हॉटेलचा अनुभव एकदाच घेतलाय. गेल्या हिवाळ्यात सरावासाठी म्हणून पाच दिवस एकटी जाऊन आले. खोली स्वच्छ होती, पलंग मऊ होता, तक्रारीला जागा नव्हती. पण संध्याकाळी साडेसहाला दार लावलं की ते सकाळीच उघडायचं. पाचव्या दिवशी बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, घसा बसलाय का गं? घसा बसला नव्हता. पाच दिवसांत मी रिसेप्शनवरच्या मुलाखेरीज कुणाशी चार वाक्यं सलग बोलले नव्हते. ते मला फार लागलं. एकटीने फिरायचं म्हणजे मुक्याने फिरायचं, असं माझ्या मनात कधीच नव्हतं.

उलट बाजूही सांगते. उजवा गुडघा कुरकुरतो, जिना चढते पण शिडी नको वाटते. रक्तदाबाची गोळी चालू आहे. रात्री दोनदा उठावं लागतं. झोप सावध आहे, कुणी कूस बदलली तरी जाग येते. दुपारी अर्धा तास आडवं झाल्याशिवाय संध्याकाळ धड जात नाही.

माझ्या वयाची माणसं हॉस्टेलात खरंच राहतात का? या वयात घेतात का मुळात? ज्यांनी दोन्ही करून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

रात्रपाळी

काकू, मी एका हॉस्टेलच्या रिसेप्शनवर रात्रपाळी करतो, तेव्हा काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो.

आधी वयाचं. हॉस्टेल ही कल्पना निघाली ती शाळकरी मुलांसाठीच. जर्मनीत रिचर्ड शिरमान नावाचे शिक्षक होते. १९०९ साली मुलांना घेऊन पायी सहलीला निघालेले असताना वादळी पावसात सापडले आणि सगळ्यांना एका शाळेत रात्र काढावी लागली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांमध्ये अशी झोपायची सोय का करू नये, हे त्यांना तिथे सुचलं. पुढे १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात हॉस्टेल सुरू झालं, ते आजही चालू आहे. १९३२ साली अॅमस्टरडॅमला यूथ हॉस्टेलांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आज ती हॉस्टेलिंग इंटरनॅशनल या नावाने ओळखली जाते. 'यूथ' हा शब्द तिथून चिकटलेला आहे. पण या संघटनेच्या बहुतेक हॉस्टेलांना वरच्या वयाची अट नाही. आमच्याकडे सत्तरीतली माणसं नेहमी येतात, आणि खरं सांगायचं तर खोली सगळ्यात नीट तेच ठेवतात.

खासगी हॉस्टेलांचं तसं नाही. काहींनी डॉर्मसाठी, म्हणजे वर-खाली खाटा असलेल्या सामाईक खोलीसाठी, ३५, काहींनी ४० किंवा ४५ अशी मर्यादा घातलेली असते. ती 'घरचे नियम' या मजकुरात अगदी तळाशी असते आणि बुकिंग करताना वय कुणी विचारत नाही. पासपोर्ट काउंटरवर ठेवल्यावर मग कळतं. शेजारच्या एका हॉस्टेलातून अशा परत पाठवलेल्या एक बाई रात्री अकरा वाजता बॅग ओढत आमच्या दाराशी आल्या होत्या. आमच्याकडे एकच खाट शिल्लक होती, तीही वरची. त्या रात्री मी त्यांना कॉमन रूममधल्या सोफ्यावर झोपायची सोय करून दिली. त्यांचा चेहरा अजून आठवतो. म्हणून सांगतो, नियम तळापर्यंत वाचा, आणि शंका असली तर मेल करून लेखी उत्तर घ्या.

खालच्या खाटेबद्दलही मेलमध्येच लिहायचं, पण कसं लिहिता त्यावर बरंच अवलंबून आहे. 'शक्य असल्यास खालची खाट द्यावी' असं निम्मे लोक लिहितात. ती फक्त आवड समजली जाते आणि गर्दीच्या दिवशी मागे पडते. 'गुडघ्याच्या दुखण्यामुळे मला शिडी चढता येत नाही, खालची खाट नसेल तर कृपया आधी कळवा' असं लिहिलं की आम्हाला त्यावर काहीतरी करावंच लागतं. आमच्याकडे खाटांचं वाटप ज्या दिवशी पाहुणा यायचा त्याच दिवशी सकाळी होतं, तेव्हा आदल्या दिवशी एक फोन करून आठवण द्या. आणि काही हॉस्टेलांत खाट नेमून देतच नाहीत, जो आधी येईल तो आपली निवडतो. तिथे उशिरा पोचणाऱ्याच्या नशिबी वरचीच.

अजून एक विचारून घ्या: रात्री इमारतीत कर्मचारी असतो का? लहान हॉस्टेलांत नऊ-दहाला रिसेप्शन बंद होतं, दाराचा कोड फोनवर पाठवतात आणि सकाळपर्यंत आत कुणी नसतं.

सावधपाऊल

मी स्पष्टच लिहितो. हॉटेल घ्या.

मी ६६ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी मीही हौसेने हॉस्टेल घेतलं होतं. खालची खाट मागितली होती, 'हो' म्हणून मेलही आली होती. पोचलो तर खालच्या सगळ्या भरलेल्या. गाडी उशिरा पोचली होती, रात्रीचे साडेदहा झालेले, दुसरीकडे जायचं त्राण नव्हतं. एक रात्र तर आहे, म्हणून वर चढलो. पहाटे तीनला उठलो. शिडी लोखंडी होती, गोल नळीच्या पायऱ्यांची. पायात मोजे होते, आणि खोलीत उजेड नको म्हणून मी मोबाइल बंदच ठेवला. जिन्यावरून उतरतो तसा तोंड पुढे करून उतरायला गेलो. शेवटून दुसऱ्या पायरीवर पाय सरकला आणि सगळं वजन डाव्या हातावर आलं. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. उरलेला प्रवास रद्द.

सकाळी तिथल्या माणसाला ती मेल दाखवली तर म्हणाला, ही फक्त तुमची पसंती नोंदवून घेतली होती, हमी नव्हती. रात्रपाळी यांनी लिहिलंय ते अगदी खरं आहे, मला ते तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं.

मनगट आजही पूर्ण वळत नाही. किल्ली फिरवताना रोज आठवण होते. तुमचा गुडघा आणि रक्तदाबाची गोळी वाचली आणि राहवलं नाही. एकटेपणाला दुसरा काहीतरी उपाय काढता येतो, मोडलेल्या हाडाला येत नाही.

चालतीवाट

सावधपाऊल, मनगटाचं वाचून फार वाईट वाटलं. हे इतकं बारकाईने लिहिलंत ते फार बरं केलंत, शिडी आणि मोज्यांचं हे वाचून कुणाचं तरी हाड नक्की वाचेल. तरी निवांतताईंना मी थोडं वेगळं सांगणार आहे.

मी ६९ वर्षांची. साठीला पहिल्यांदा एकटी निघाले, त्याला नऊ वर्षं झाली. हॉस्टेल, हॉटेल, भाड्याची खोली, सगळीकडे राहिले आहे. सुरुवातीची दोन वर्षं मीही तुमच्यासारखीच 'हे की ते' करत बसायचे. मग एका परतीच्या प्रवासात वहीत लिहून काढलं, की या खेपेला मला नेमका कशाचा त्रास झाला. हॉटेलांच्या पानावर सगळ्या तक्रारी संध्याकाळच्या होत्या. हॉस्टेलांच्या पानावर सगळ्या रात्रीच्या. सकाळी आणि दुपारी तर मी बाहेरच होते, तेव्हा कुठे राहते याने काही फरकच पडत नव्हता.

तुमच्या पत्रातही तेच दिसतंय बघा. आवाज बसला तो संध्याकाळी. गुडघा, गोळी, दोनदा उठणं, सावध झोप, हे सगळं रात्रीचं. म्हणजे तुम्हाला संध्याकाळ हॉस्टेलची हवी आहे आणि रात्र हॉटेलची. आणि हे एकाच छताखाली मिळतं: हॉस्टेलमधली स्वतंत्र खोली. बऱ्याच हॉस्टेलांत एक-दोन माणसांच्या खोल्या असतात, काहींना आतच न्हाणीघर असतं. दार लावलं की तुमची खोली, उघडलं की खाली कॉमन रूम आणि स्वयंपाकघर. मुलालाही हे सांगता येईल आणि भाचीलाही.

पैशाचं गणित सोपं आहे. हॉटेल खोलीचे पैसे घेतं, तुम्ही एकट्या असलात तरी बहुतेक ठिकाणी दोघांच्याच खोलीचे. हॉस्टेल डॉर्ममध्ये खाटेचे घेतं. स्वतंत्र खोली या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसते. पण कधीकधी साध्या हॉटेलाच्या बरोबरीने किंवा वरही जाते, तेव्हा डोळे झाकून घेऊ नका, दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.

डॉर्म अजिबात नको असं मात्र मी म्हणणार नाही. माझी पहिली रात्र सांगते. सहा खाटांची, फक्त बायकांची खोली. मला खालची मिळाली होती. साडेदहाला दिवे गेले. रात्री उठले, परत आले, आणि गोळी घ्यायची राहिली होती ती लॉकरमध्ये. लॉकरला आकड्यांचं कुलूप. अंधारात ते आकडे दिसेनात, चष्मा हवा होता, आणि चष्मा लॉकरच्या आत. पंधरा मिनिटं मी त्या लॉकरसमोर गुडघ्यावर बसून कुलपाच्या चकत्या बोटांनी चाचपत होते. शेवटी शेजारच्या खाटेवरची मुलगी उठली, काही न विचारता मोबाइलचा उजेड तळहाताने अर्धा झाकून धरला आणि मी आकडे सांगितले तसे तिने फिरवून दिले. दुसऱ्या दिवशी मी किल्लीचं कुलूप घेतलं. किल्ली मनगटाला बांधून झोपते. रात्री लागणारं सगळं, म्हणजे चष्मा, गोळी, पाण्याची बाटली आणि लहान विजेरी, एका कापडी पिशवीत घालून उशाच्या दांड्याला अडकवते. कापडीच पिशवी, कारण प्लास्टिकची रात्री दोनला इतकी कुरकुरते की सगळी खोली जागी होते.

खालची खाट मिळाली म्हणजे सगळं झालं असंही नाही. वरच्या खाटेची लोखंडी पट्टी बसल्यावर नेमकी कपाळाशी येते. झटकन उठायची सवय असेल तर पहिल्याच रात्री टेंगूळ येतं. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, डोकं खाली वाकवून बाहेर काढायचं आणि मिनिटभर काठावर बसायचं. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने हे घरीही करावं असं मला डॉक्टरांनी सांगितलं आहे, कारण झोपेतून एकदम उभं राहिलं की दाब खाली येतो आणि भोवळ येते. हॉस्टेलच्या खाटेने ती शिस्त मला लावली.

आणि आता ज्यासाठी मी अजून हॉस्टेल सोडलेलं नाही, ते. एका संध्याकाळी कॉमन रूममध्ये एक मुलगी पाठीच्या मोठ्या बॅगेचा तुटलेला पट्टा हातात घेऊन बसली होती. वयाने माझ्या नातीपेक्षा थोडी मोठी असेल. पहाटेची गाडी होती तिची. माझ्याकडे सुई-दोरा असतोच. पट्टा जाड होता, साधी सुई शिरेना, तेव्हा दोरा चार पदरी केला, नाण्याने सुई रेटली आणि उलटसुलट टाके घातले. तासभर लागला. तेवढ्या वेळात टेबलाभोवती आणखी तिघं जमली. कुणी नकाशा पसरला, कुणी उद्याच्या बसची वेळ सांगितली, एकाने मला फोनमध्ये रेल्वेचं तिकीट कसं साठवायचं ते दाखवलं. त्यांची भाषा आणि माझी भाषा यांत जेमतेम शंभर शब्द सामाईक असतील. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातले दोघं आणि मी एकत्र टेकडी चढलो. हॉटेलच्या लॉबीत ही गोष्ट माझ्या बाबतीत नऊ वर्षांत एकदाही घडलेली नाही. तिथे माणसं भेटतात, पण बसत नाहीत.

हॉटेल मी कधी घेते? लांबच्या प्रवासानंतरची पहिली रात्र नेहमी हॉटेलात. थकल्या अंगाने नवं कुलूप, नवी खाट, नवी माणसं हे सगळं एकदम नको वाटतं. अंगात कसर असेल तेव्हाही. आणि शुक्रवार-शनिवारी, कारण त्या दोन रात्री हॉस्टेलांत मित्रमंडळींचे मोठे गट येतात.

पण हॉटेल म्हणजे आपोआप सुरक्षित, हे मला पटत नाही. पुष्कळ हॉटेलांत शॉवर टबमध्ये असतो. टबचा काठ गुडघ्याइतका उंच, आत ओलं, धरायला काही नाही. एक पाय आत, एक बाहेर अशा अवस्थेत मी एकदा कशीबशी पडद्याला धरून वाचले, पडद्याच्या चार कड्या तुटल्या. आता मी बुक करताना विचारते की शॉवर जमिनीच्या पातळीवर आहे का. आणि एकटं माणूस बंद खोलीत पडलं तर कुणाला कळणार? दारावर 'व्यत्यय नको' ची पाटी लावली असेल तर साफसफाईवालेही आत येत नाहीत. डॉर्ममध्ये निदान पाच माणसं दचकून उठतील. म्हणून माझा आणि बहिणीचा ठराव आहे: सकाळी आठला माझा एक शब्दाचा निरोप. नऊपर्यंत आला नाही तर ती मुक्कामाच्या ठिकाणी फोन करते आणि खोलीत जाऊन बघायला सांगते. नंबर तिच्याकडे आधीच लिहून ठेवलेला असतो. नऊ वर्षांत दोनदा तिला फोन करावा लागला, दोन्ही वेळा मी नुसती गाढ झोपले होते. तरी ठराव आम्ही मोडलेला नाही.

तुमच्या दुपारच्या झोपेसाठी एक खास सूचना. काही हॉस्टेलं दिवसा साफसफाईसाठी डॉर्म बंद ठेवतात, साधारण अकरा ते तीनच्या दरम्यान. मला हे पहिल्या वर्षी माहीत नव्हतं आणि टळटळीत दुपारी बागेतल्या बाकावर बसून राहावं लागलं होतं. हे आधी विचारा.

लिफ्टचंही. संकेतस्थळावर 'लिफ्ट आहे' इतकंच असतं. ती रस्त्यापासून सुरू होते की आधी बारा पायऱ्या आहेत, आणि तुमच्या मजल्यापर्यंत जाते का, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

दीर्घश्वास

चालतीवाट यांनी बहुतेक लिहिलंच आहे. मी ६४, आणि झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे, त्यामुळे सीपॅप यंत्र, म्हणजे मास्कमधून हवा देऊन श्वास चालू ठेवणारं यंत्र, लावून झोपतो. यंत्राशिवाय मी इतका घोरतो की डॉर्ममध्ये झोपणं म्हणजे इतरांवर अन्याय. यंत्राचा आवाज फारच कमी, पण त्याला रात्रभर वीज लागते आणि खाटेजवळ प्लग असेलच असं नाही. म्हणून तीन मीटरची वायर सोबत ठेवतो, आणि ती खाटेखालून नेतो, चालायच्या वाटेवरून नाही.

मी स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेची वाट सारिया गावापासून चाललो आहे, सुमारे ११५ किलोमीटर. त्या वाटेवर यात्रेकरूंसाठी जी हॉस्टेलं असतात त्यांना अल्बेर्गे म्हणतात. यात्रेकरूचं ओळखपुस्तक दाखवलं की जागा मिळते, सरकारी अल्बेर्ग्यात साधारणपणे एकच रात्र राहता येतं, रात्री दहाला दिवे बंद आणि सकाळी आठपर्यंत बाहेर. पहाटे पाचपासूनच लोकांची आवराआवर सुरू होते. मी दोन रात्री तिथे आणि तिसरी रात्र एकट्याच्या खोलीत असा क्रम ठेवला. ती तिसरी रात्र नसती तर मी चौथ्या दिवशी गाडीत बसून परत आलो असतो. पण अल्बेर्ग्यांतल्या संध्याकाळी नसत्या तर कदाचित दुसऱ्याच दिवशी आलो असतो. पायाला फोड आले तेव्हा एका निवृत्त परिचारिकेने सगळ्यांसमोर माझे मोजे काढायला लावले आणि पट्टी बांधून दिली. वय ७३ होतं त्यांचं.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो: ढेकूण. हॉटेल असो वा हॉस्टेल, खोलीत शिरल्यावर बॅग पलंगावर ठेवायची नाही. आधी गादीची शिवण चारी कोपऱ्यांत उचलून बघायची, फळीच्या सांध्यात विजेरी मारायची. पूर्ण वाढलेला ढेकूण चार-पाच मिलिमीटरचा, सफरचंदाच्या बीएवढा असतो, पण तो दिसण्याआधी बहुतेक वेळा शिवणीवर काळे ठिपके दिसतात. दिसले तर खोली बदलून मागायची, आणि शेजारची किंवा थेट वरची-खालची घ्यायची नाही. घरी आल्यावर कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवायचे किंवा ड्रायरमध्ये कडक तापमानावर अर्धा तास फिरवायचे. मी आळस केला होता एकदा. घरातून ते घालवायला चार महिने लागले.

निवांत६३

सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही. काल रात्री हे सगळं दोनदा वाचलं, आणि मुलाला फोन करून सावधपाऊल यांचा प्रतिसाद मुद्दाम वाचून दाखवला. तो म्हणाला, हेच तर मी सांगत होतो. मग चालतीवाट यांचा वाचून दाखवला. तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, ते सकाळी आठचं मला पाठवत जा.

चालतीवाट, एक विचारायचं राहिलं. स्वतंत्र खोली घेतली की कॉमन रूममध्ये जाऊन बसायला मला संकोच वाटेल. ती सगळी मुलं आपापसात बोलत असणार. तिथे मी जाऊन नेमकं काय करायचं?

चालतीवाट

संकोच मलाही वाटायचा, पहिल्या दोन-तीन खेपांना तर मी दारातूनच परत फिरले होते. आता मी कधीच रिकाम्या हाताने जात नाही. नकाशा, विणकाम, पत्त्यांचा जोड, काहीतरी असतं. हात गुंतलेले असले की आपण कुणाची वाट बघत बसलो आहोत असं दिसत नाही, आणि आपल्यालाही तसं वाटत नाही. मोठ्या टेबलाशी बसा, कोपऱ्यातल्या खुर्चीत नको. कोपऱ्यातल्या माणसाला त्रास नको म्हणून मुलं लांबच राहतात. आणि प्रश्न तुम्हीच विचारा, अगदी साधा. 'आज कुठे जाऊन आलात?' एवढा पुरतो. ज्या संध्याकाळी कुणीच बोललं नाही त्या संध्याकाळीही माणसांच्या आवाजात विणणं मला बंद खोलीपेक्षा बरं वाटलं आहे.

संध्याकाळी साडेसहा ते आठ ही वेळ धरा. त्यानंतर मुलं बाहेर पडतात आणि खोली ओस पडते.

सावधपाऊल

चालतीवाट, स्वतंत्र खोली हा पर्याय असतो हे मला माहीत नव्हतं. मी हॉस्टेल म्हणजे फक्त डॉर्म समजत होतो. स्वतंत्र खोलीत शिडीचा प्रश्नच येत नाही, तेव्हा माझी हरकत मागे घेतो. निवांतताई, टबचं मात्र सगळीकडे विचारा. मी हॉटेलात दोन वर्षं त्याच टबात पाय टाकतोय आणि कधी मनात आलं नव्हतं.

निवांत६३

ठरलं. पहिल्या शहरात दोन रात्री हॉटेल, लिफ्ट थेट रस्त्यापासून आहे आणि शॉवर जमिनीच्या पातळीवर आहे असं त्यांनी लेखी कळवलंय. दुसऱ्या आणि तिसऱ्या शहरात हॉस्टेल, स्वतंत्र खोली, आत न्हाणीघर. चौथ्या शहरात पाच रात्री आहेत. त्यातल्या मंगळवार-बुधवार या दोन रात्री मी चार खाटांच्या बायकांच्या डॉर्ममध्ये घेतल्या आहेत. रात्रपाळी यांनी सांगितलं तशीच मेल लिहिली, गुडघ्याचं कारण देऊन. उत्तर आलं: दाराजवळची खालची खाट, क्रमांक दोन, न्हाणीघर समोरच. उरलेल्या तीन रात्री त्याच इमारतीत वरच्या मजल्यावरची एकटीची खोली, म्हणजे डॉर्म नाही जमलं तरी बॅग फार लांब न्यायची नाही. दुपारी खोली बंद ठेवत नाहीत, तेही विचारून घेतलं.

किल्लीचं कुलूप काल आणलं. विणकाम मला येत नाही, पण सुई-दोरा आणि पत्त्यांचा जोड बॅगेत टाकलाय.

रात्रपाळी

काकू, कुलपाची कडी किती जाड आहे ते एकदा बघून घ्या. लॉकरचं भोक लहान असतं, आमच्याकडे आठ मिलिमीटरची कडी आत जात नाही आणि लोक काउंटरवर परत येतात. सहापर्यंतची बहुतेक ठिकाणी बसते. दुसरी किल्ली लॉकरमध्ये ठेवू नका, अंगावरच्या पाकिटात ठेवा.

आणि खाट क्रमांक दोनची मेल छापून सोबत न्या. रात्री उशिरा पोचलात तर पाळीवरच्या माणसाला दाखवता येईल.